प्रतिकृतीची अचूकता आणि घडणीची गुणवत्ता : ‘स्टार वॉर्स’मधील शिरस्त्राणांच्या संदर्भात

प्रास्ताविक

नाट्य-चित्रव्यवसायात ज्या वस्तूला ‘प्रॉपर्टी’ म्हटले जाते, तिचे आयुष्य सामान्यतः चित्रीकरणापुरतेच असते. काम संपले की ती गोदामात पडते, मोडते किंवा पुढच्या चित्रपटासाठी रंग बदलून वापरली जाते. काही वस्तू मात्र या नियमाला अपवाद ठरतात. त्यांच्या प्रतिकृती बाजारात येतात, त्या विकत घेतल्या जातात, पारखल्या जातात आणि त्यांच्या अस्सलतेबद्दल वर्षानुवर्षे वाद होत राहतात. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या जॉर्ज लुकास यांच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील दोन शिरस्त्राणे या वर्गात मोडतात : डार्थ व्हेडर या खलनायकाचे काळे शिरस्त्राण आणि त्याच्या सैनिकांचे, म्हणजे स्टॉर्मट्रूपरांचे, पांढरे शिरस्त्राण.

या प्रतिकृतींचे मूल्यमापन करणारी एक चिकाटीची आणि बऱ्याच अंशी शिस्तबद्ध परंपरा इंग्लंड-अमेरिकेत निर्माण झाली आहे. कलासमीक्षेने तिची फारशी दखल घेतलेली नाही. हौशी मंडळींचा छंद म्हणून तो विषय बाजूला सारला जातो. प्रत्यक्षात या परंपरेने उपस्थित केलेले प्रश्न मूळ आणि नक्कल यांच्या संबंधाविषयीचे, म्हणजे सौंदर्यशास्त्राच्या गाभ्याशी भिडणारे आहेत. ही परंपरा प्रतिकृतीला दोन कसोट्या लावते. पहिली कसोटी अचूकतेची, म्हणजे प्रतिकृती मुळाशी किती जुळते याची. दुसरी घडणीच्या गुणवत्तेची, म्हणजे ती किती नेटकी, मजबूत आणि सफाईदार आहे याची. या दोन कसोट्यांचे गुण एकमेकांत मिळवता येतात, दोन्हींत उत्तम ठरणारी प्रतिकृती सर्वश्रेष्ठ, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या गृहीतकावर आहे. प्रस्तुत शिरस्त्राणांच्या बाबतीत या दोन कसोट्या अनेक ठिकाणी परस्परविरोधी आहेत. त्यांची बेरीज करणारा परीक्षक नकळत मुळावर अन्याय करतो.

मूळ वस्तूचे स्वरूप

स्टॉर्मट्रूपरच्या शिरस्त्राणाची कल्पना राल्फ मॅक्वारी यांच्या चित्रांतून आली. वेशभूषा जॉन मोलो यांची होती आणि तिला १९७८ साली ऑस्कर पुरस्कार मिळाला. चित्रांवरून मातीचा नमुना निक पेम्बर्टन यांनी तयार केला. अँड्र्यू एन्सवर्थ यांनी तो व्हॅक्यूम फॉर्मिंगच्या पद्धतीने प्लास्टिकमध्ये उतरवला आणि अंतिम रूप संमत झाल्यावर चित्रपटासाठी ५० शिरस्त्राणे करून दिली. व्हेडरचा मुखवटा ब्रायन म्युर या तरुण शिल्पकाराने १९७६ साली एल्स्ट्री येथील स्टुडिओत मातीत घडवला. डेव्हिड प्राउझ या नटाच्या डोक्याचा प्लास्टरमधील ठसा त्यासाठी आधाराला होता. पुढे साचा करून तो फायबरग्लासमध्ये ओतला गेला.

हे सर्व काम घाईचे आणि बेताच्या खर्चाचे होते, याच्या खुणा वस्तूवर जागोजागी आहेत. स्टॉर्मट्रूपरांची बहुसंख्य शिरस्त्राणे, ज्यांना संग्राहक ‘स्टंट’ म्हणतात, एचडीपीई या मळकट खाकी रंगाच्या प्लास्टिकची होती आणि वरून पांढरी रंगवलेली होती. पॉलिएथिलिनच्या पृष्ठभागावर रंग नीट धरत नाही, ही त्या द्रव्याची उपजत अडचण आहे. त्यामुळे रंगाचे पोपडे निघून खालचा खाकी रंग उघडा पडला. जवळच्या दृश्यांसाठीची मोजकी ‘हीरो’ शिरस्त्राणे पांढऱ्या एबीएस प्लास्टिकची होती. त्यांच्या डोळ्यांवरील भिंगे फुगीर होती, तर स्टंट शिरस्त्राणांची सपाट. तोंडाच्या जागी असलेल्या वाकड्या पट्टीत दात कापलेले आहेत. त्यांची संख्याही स्टंट शिरस्त्राणात ६ आणि हीरो शिरस्त्राणात ८ अशी वेगळी आढळते. गालांजवळच्या नळ्यांवरील निळे पट्टे हाताने काढलेले होते. साहजिकच दोन शिरस्त्राणांवरचे पट्टे सारखे नाहीत, एकाच शिरस्त्राणाच्या दोन बाजूंचेही नाहीत.

वापराच्या दृष्टीने ही वस्तू गैरसोयीचीच होती. घालणाऱ्याला धड दिसत नसे. चित्रपटात सैनिकाचा वेष घेतलेला नायकच आपल्याला काही दिसत नसल्याची तक्रार करतो आणि दुसऱ्या एका दृश्यात एका सैनिकाचे डोके दाराच्या चौकटीवर आपटते. २००४ सालच्या डीव्हीडी आवृत्तीत या आपटण्याला मुद्दाम आवाजाची जोड देण्यात आली. दोष आधी घडला, मग प्रसिद्ध झाला आणि सरतेशेवटी अधिकृत पाठात सामील करून घेतला गेला. मुळाच्या दोषांना प्रतिकृतीत स्थान असावे की नसावे, या प्रश्नाचे हे एक बोलके उदाहरण आहे.

सफाई आणि सत्य

घडणीच्या गुणवत्तेची कसोटी लावताना परीक्षक सहसा कडा किती रेखीव आहेत, सांधे किती बेमालूम आहेत, भिंत सर्वत्र सारख्या जाडीची आहे का, रंग गुळगुळीत आहे का आणि डावी-उजवी बाजू जुळते का, या गोष्टी पाहतात. उत्तम औद्योगिक वस्तूची ही लक्षणे आहेत यात शंका नाही. परंतु मूळ वस्तू ज्या पद्धतीने घडली, ती पद्धत यांपैकी एकही गोष्ट देऊ शकत नव्हती.

व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये प्लास्टिकचा तक्ता तापवून मऊ केला जातो, तो साच्यावर टाकला जातो आणि खालून हवा खेचून साच्याला चिकटवला जातो. साचा उंचवट्याचा असेल तर साच्यावरील बारकावे तक्त्याच्या आतल्या बाजूला स्पष्ट उमटतात. बाहेरच्या, म्हणजे दिसणाऱ्या बाजूला मात्र तक्त्याच्या जाडीमुळे ते बोथट होतात. जिथे खोल वळण आहे तिथे तक्ता ताणला जाऊन पातळ होतो. साच्यातून सुटून येणार नाही असा आत वळलेला आकार या पद्धतीत घेता येत नाही. म्हणूनच हे शिरस्त्राण एकसंध नाही. चेहरा आणि मागची टोपी असे दोन मोठे भाग स्वतंत्र काढून ते एकमेकांवर बसवले जात आणि सांध्यावर कानांचे तुकडे लावून तो झाकला जाई. कानाचा तुकडा गालावर नेमका बसला नाही तर तो कातरून, वाकवून, स्क्रूने आवळून बसवला जाई. गरम प्लास्टिक थंड होताना आकसते, हे आणखी एक कारण. एबीएस साधारणपणे अर्ध्या ते पाऊण टक्क्याच्या आसपास आकसते, तर एचडीपीईचे आकसणे दोन-तीन टक्क्यांपर्यंत सहज जाते. ३० सेंटिमीटर उंचीच्या साच्यावर अडीच टक्के म्हणजे साडेसात मिलिमीटर. एकाच साच्यावरून दोन वेगळ्या प्लास्टिकमध्ये काढलेली शिरस्त्राणे मापाने सारखी नसतात, ती यामुळे.

आता अशी कल्पना करावी की एखाद्या कारखान्याने हेच शिरस्त्राण पोलादी डायमध्ये प्लास्टिक दाबून भरण्याच्या, म्हणजे इंजेक्शन मोल्डिंगच्या पद्धतीने काढले. कडा धारदार येतील, जाडी सर्वत्र सारखी राहील, कान जागच्या जागी बसतील. हॅस्ब्रोसारख्या मोठ्या खेळणी-उत्पादकांची शिरस्त्राणे या जातीची आहेत आणि त्यांच्या किमतीच्या मानाने त्यांची घडण चांगली आहे. मात्र त्यांतील प्रत्येक सुधारणा त्यांना १९७६ सालच्या वस्तूपासून दूर नेते. उलटपक्षी, एखादा एकांडा कारागीर घरगुती यंत्रावर तक्ता ओढून, कात्रीने कडा कापून, ब्रशाने पट्टे काढून जे शिरस्त्राण करतो, ते ‘ओबडधोबड’ म्हणून कमी गुण मिळवते आणि तरीही मुळाच्या अधिक जवळ असते. त्याचे ओबडधोबडपण मुळातल्याच जागी आणि मुळातल्याच कारणाने आले असेल तर तो दोष न राहता साक्ष ठरतो. अर्थात प्रत्येक ओबडधोबड काम अचूक असते असा याचा अर्थ नव्हे. हौशी विक्रेते ही पळवाट सर्रास वापरतात आणि निव्वळ गलथानपणा ‘मुळाबरहुकूम’ म्हणून खपवतात. मुळाचा दोष आणि नकलेचा दोष यांत भेद करणे हेच तर परीक्षकाचे खरे काम आहे.

लेखनिकाची दुरुस्ती

हा भेद कसा करावा, याचे शास्त्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. ते पाठचिकित्सेचे शास्त्र आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीमुळे महाराष्ट्रातील अभ्यासकांना या शास्त्राची मातब्बरी ठाऊक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचे कार्य केले, त्यामागेही प्रतींमध्ये शिरलेल्या पाठभेदांचीच अडचण होती. हस्तलिखितांच्या प्रती एकमेकींवरून होतात, प्रत्येक प्रतीत काही चुका शिरतात आणि समान चुकांच्या आधारे प्रतींचा वंशवृक्ष मांडता येतो, हे या शास्त्राचे मूलतत्त्व आहे.

शिरस्त्राणांच्या प्रतिकृतींना ते जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. मूळ साच्यातून काढलेली प्रत दुर्मीळ असते. बाजारात येते ती बहुधा एखाद्या प्रतीवर नवा साचा घेऊन काढलेली प्रत किंवा त्या प्रतीचीही प्रत. गणेशमूर्तींच्या कारखान्यातील कोणताही कारागीर सांगेल की तयार मूर्तीवरून घेतलेल्या साच्यात डोळ्यांच्या कडा आणि बोटांमधील खाचा पहिल्यासारख्या उतरत नाहीत. तसेच येथेही घडते. दर पिढीला माप थोडे घटते, बारकावे बुजतात, मधल्या कारागिराने लांबी भरून जिथे खड्डा बुजवला तिथे पुढच्या सर्व प्रतींत खड्डा नाहीसा होतो. एखादा बुडबुडा मात्र उंचवट्याच्या रूपाने वंशपरंपरेने चालत राहतो. दोन निरनिराळ्या विक्रेत्यांच्या मालात एकाच जागी एकच बुडबुडा सापडला तर त्यांचा पूर्वज एक आहे हे सिद्ध होते. संग्राहकांनी अशा खुणांची जी नोंद ठेवली आहे, ती पोथ्यांच्या अभ्यासकालाही मान डोलवायला लावील इतकी काटेकोर आहे. ‘मूळ साच्यातून काढलेले’ या विक्रेत्याच्या दाव्यालाही याच कारणाने मर्यादा पडतात. साचा झिजतो, दुरुस्त होतो, त्यावर भर घातली जाते. चाळीस वर्षांनी त्यातून निघणारा आकार पहिल्या दिवशीचाच असतो असे मानण्याला आधार लागतो.

पाठचिकित्सेतील आणखी एक तत्त्व येथे विशेष उपयोगी आहे. दोन पाठांपैकी अवघड, खटकणारा पाठ बहुधा मूळचा असतो, कारण लेखनिकाची प्रवृत्ती अवघडाचे सोपे करण्याची, खटकणारे नीटनेटके करण्याची असते. शिरस्त्राणाच्या बाबतीत हा अवघड पाठ म्हणजे विषमता. व्हेडरचा मुखवटा हाताने मातीत घडवलेला असल्यामुळे त्याची डावी आणि उजवी बाजू तंतोतंत जुळत नाही. गालांचे उतार, नाकाचा कोन, डोळ्यांच्या खोबणी यांत सूक्ष्म फरक आहे. स्टॉर्मट्रूपरच्या शिरस्त्राणात तर ही विषमता नुसत्या डोळ्यांनीही दिसते. प्रतिकृती करणाऱ्याला ती चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करतो. या दुरुस्तीमुळे वस्तू अधिक नेटकी होते, खरेदीदारही खूश होतो. तथापि मूळ मुखवट्याच्या मुद्रेत जी एक अस्वस्थ करणारी सजीवता आहे, कॅमेऱ्याचा कोन बदलताच भाव बदलल्याचा जो भास होतो, त्यात या विषमतेचा वाटा मोठा आहे. माणसाचा चेहरा सममित नसतो. घडवणाऱ्या हाताने तो फरक कळत-नकळत मुखवट्यात ठेवला आणि निर्जीव मुखवट्यामागे कोणीतरी आहे असे वाटण्यास तोही एक आधार ठरला.

या दुरुस्तीचे सर्वांत लक्षणीय उदाहरण एखाद्या परक्या नकलाकाराचे नाही, मूळ निर्मात्यांचेच आहे. २००५ सालच्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ या चित्रपटासाठी व्हेडरचे शिरस्त्राण नव्याने घडवण्यात आले, तेव्हा ते जाणीवपूर्वक सममित करण्यात आले. कथेच्या अंगाने याचे समर्थन करता येते. शिरस्त्राण नुकतेच यंत्राने घडवलेले आहे, तेव्हा ते निर्दोष असणे सुसंगत आहे. दृश्य परिणामाच्या अंगाने मात्र ही दुरुस्ती महागात पडली. २००५ चे शिरस्त्राण चकचकीत, काटेकोर आणि थंड आहे. त्याकडे पाहताना वस्तू दिसते, व्यक्ती दिसत नाही. २०१६ च्या ‘रोग वन’ या चित्रपटात पुन्हा १९७७ च्या रूपाकडे, त्याच्या तांबूस छटेच्या भिंगांकडे आणि काळ्या-करड्या दुरंगी रंगकामाकडे वळावे लागले, ही गोष्ट पुरेशी सूचक आहे.

मूळ म्हणजे नेमके काय?

अचूकतेचा विचार करताना ‘कशाशी अचूक?’ हा प्रश्न बहुतेक परीक्षणांत विचारलाच जात नाही. वस्तुतः येथे किमान तीन मुळे आहेत. एक, गोदामात वा संग्रहालयात उरलेली वस्तू. दुसरे, पडद्यावर दिसणारी प्रतिमा. तिसरे, प्रेक्षकाच्या स्मरणातील रूप. ही तिन्ही एकमेकांशी जुळत नाहीत.

उरलेली वस्तू आज चाळीसहून अधिक वर्षांची आहे. एबीएस प्लास्टिक उन्हाने आणि हवेने पिवळट पडते, रंग उडतो, स्पंज झडतो. आजच्या वस्तूबरहुकूम केलेली प्रतिकृती ही वार्धक्याची प्रतिकृती होय. पडद्यावरील प्रतिमेचा आधार घ्यावा तर तीही निर्विवाद नाही. ‘स्टार वॉर्स’चे मुख्य चित्रीकरण अॅनामॉर्फिक भिंगांनी झाले. ही भिंगे रुंद दृश्य दाबून फिल्मवर बसवतात आणि प्रक्षेपणात ते पुन्हा पसरवले जाते. या खटपटीत, विशेषतः जवळच्या दृश्यांत, रुंदीचे प्रमाण बिघडू शकते. शिवाय जवळून घेतलेल्या छायाचित्रात पुढचे भाग मोठे दिसतात, लांबून घेतलेल्यात चेहरा सपाट दिसतो. तरीही पडद्यावरील स्थिरचित्राशेजारी प्रतिकृतीचे घरगुती छायाचित्र ठेवून ‘गाल रुंद आहेत’, ‘नाक पुढे आले आहे’ असे निर्णय दिले जातात. अंतर, उंची आणि भिंग समान नसताना केलेली अशी तुलना निरर्थक आहे आणि दुर्दैवाने तीच सर्वाधिक प्रचलित आहे.

प्रकाशाचीही हीच कथा. व्हेडरच्या पहिल्या शिरस्त्राणावर काळा आणि करडा असे दोन रंग आलटून-पालटून दिलेले होते. पडद्यावर मात्र ते एकाच काळ्या रंगाचे भासते, केवळ त्याच्या कडा आणि पृष्ठे वेगवेगळ्या उजळतात. रंगकाम कॅमेऱ्यासाठी होते आणि त्याने आपले काम चोख बजावले. एकसारखा चकचकीत काळा रंग दिलेली प्रतिकृती स्मरणाशी प्रामाणिक आणि वस्तूशी अप्रामाणिक असते. दुरंगी प्रतिकृती वस्तूशी प्रामाणिक असते. दिवाणखान्याच्या सरळ उजेडात मात्र ती अनोळखी वाटते. दोन्हींना आपापले समर्थन आहे, फक्त परीक्षकाने आपण कोणत्या मुळाची बाजू घेत आहोत हे आधी सांगावयास हवे.

वॉल्टर बेंजामिन यांच्या यांत्रिक पुनरुत्पादनावरील १९३६ च्या सुप्रसिद्ध निबंधाचा हवाला अशा ठिकाणी हमखास दिला जातो. पुनरुत्पादनामुळे मूळ कलाकृतीभोवतीचे तेजोवलय विरते, हे त्यातील प्रतिपादन. प्रस्तुत संदर्भात तो हवाला सरळसोट लागू करता येत नाही. शिरस्त्राणाला चित्रीकरणापूर्वी कोणतेच वलय नव्हते; ते एक स्वस्त, तात्पुरते, नगावर मोजले जाणारे साहित्य होते. त्याला वलय प्राप्त झाले ते चित्रपटाच्या हजारो प्रतींमुळे, म्हणजे पुनरुत्पादनामुळेच. येथे मूळ हे नकलेचे अपत्य आहे. त्यामुळे ‘मूळ वस्तूचे पावित्र्य’ या भाषेत बोलणारे संग्राहक, कितीही काटेकोर असले तरी, एका उसन्या श्रद्धेच्या आधारावर बोलत असतात.

न्यायालयाची दृष्टी

हा प्रश्न एकदा न्यायालयासमोरही आला. एन्सवर्थ यांनी २००४ पासून शिरस्त्राणांच्या प्रतिकृती विकण्यास सुरुवात केली. लुकासफिल्मने प्रथम अमेरिकेत दावा लावला आणि २००६ साली तेथील न्यायालयाने एन्सवर्थ यांच्या अनुपस्थितीत २ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अमेरिकेतील त्यांची प्रत्यक्ष विक्री मात्र जास्तीत जास्त ३० हजार डॉलरची होती. इंग्लंडमध्ये उच्च न्यायालयाने २००८ मध्ये, अपील न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ जुलै २०११ रोजी निकाल दिला. शिरस्त्राण हे तेथील १९८८ च्या कायद्याच्या अर्थाने ‘शिल्प’ आहे काय, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. तिन्ही न्यायालयांनी तो नाकारला. कलाकृती आहे ती चित्रपट. शिरस्त्राण हे त्या चित्रपटाच्या निर्मितीतील एक उपयोगी साधन, असा सर्वोच्च न्यायालयाच्या विवेचनाचा आशय आहे. शिल्प नसल्यामुळे इंग्लंडपुरता स्वामित्वहक्काचा दावा टिकला नाही. अमेरिकन कायद्याखालील हक्काचा दावा इंग्लिश न्यायालयात चालवता येईल, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

कायद्याच्या चौकटीत हा निर्णय समजण्यासारखा आहे. औद्योगिक वस्तूंना कलाकृतीचे दीर्घ संरक्षण मिळू नये, हे त्यामागचे धोरण भारतातही आहे. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम १५ (२) असे सांगते की डिझाइन म्हणून नोंदणीयोग्य परंतु नोंदणी न केलेल्या रचनेची वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वेळा काढली गेली की त्या रचनेतील स्वामित्वहक्क संपतो. समीक्षेने मात्र कायद्याची ही विभागणी आपली मानू नये. म्युर यांनी मातीत घडवलेला मुखवटा ज्या डोळ्याने आणि हाताने घडला, तो शिल्पकाराचाच होता. वस्तू साधन म्हणून वापरली गेली एवढ्याने तिच्यातील शिल्पगुण नाहीसे होत नाहीत. मंदिराच्या दगडी दीपमाळेलाही मग शिल्प म्हणता येणार नाही. विशेष म्हणजे न्यायालयाने जे नाकारले ते प्रतिकृतींच्या परीक्षकांनी, स्वतःला कलासमीक्षक न म्हणवता, आपल्या वर्तनाने मान्य केले आहे. शिल्प नसलेल्या वस्तूच्या गालाच्या उतारावर कोणी वर्षानुवर्षे वाद घालत नाही.

प्रचलित निकष आणि त्यांच्या मर्यादा

संघटित निकषांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘५०१ वी लीजन’ या वेषधारी चाहत्यांच्या संघटनेचे आहे. सदस्यत्वासाठी वेष विशिष्ट दर्जाचा असावा लागतो आणि त्या दर्जाचे तपशील लेखी ठरलेले आहेत. पहिल्या चित्रपटातील स्टंट आणि हीरो शिरस्त्राणांचे निकष स्वतंत्र ठेवण्याइतका त्यांत विवेक आहे आणि प्राथमिक मान्यतेच्या वर अधिक कठोर श्रेणीही आहेत. अशी स्पष्टता विद्यापीठीय मूल्यमापनातही नेहमी आढळत नाही. परंतु हे निकष परिधान करणाऱ्यासाठी आहेत. शिरस्त्राणाच्या आत पंखा बसवला, स्पंज लावला, तर त्याने काही बिघडत नाही, कारण कसोटी बाहेरून दिसणाऱ्या रूपाची आहे. संग्राहकाच्या दृष्टीने हीच आतली बाजू निर्णायक असते. तक्त्याची जाडी, ताणाच्या रेषा, स्क्रूची जागा, कापलेली कड ही तिथेच वाचता येतात. वेषधाऱ्यांचे निकष संग्राहकाने जसेच्या तसे उचलले की बाहेरून बिनचूक आणि आतून सर्वस्वी आधुनिक वस्तूला ‘अचूक’ हे विशेषण चिकटते. उलट संग्राहकाचे निकष वेषधाऱ्यावर लादले तर त्याला धड चालताही येणार नाही, हे १९७७ च्या त्या दाराच्या चौकटीने दाखवून दिलेच आहे.

अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने या क्षेत्रात नवी परिस्थिती निर्माण केली आहे. संगणकीय फाइलवरून थरांवर थर चढवून शिरस्त्राण छापले जाते. मग लांबी लावून, पॉलिश पेपरने घासून थरांच्या रेषा मोडल्या जातात. येथे पिढीगणिक आकसण्याचा प्रश्न राहत नाही. फाइलची हजारावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच ताजी असते. या गुणामुळे अनेकांनी या तंत्राला अचूकतेच्या वादावरील अखेरचे उत्तर मानले आहे. हा निष्कर्ष घाईचा आहे. संगणकावर आकार रचणारा पुष्कळदा अर्धाच चेहरा रचतो आणि उरलेला अर्धा आरशातल्याप्रमाणे उलटा करून जोडतो. वेळ वाचतो आणि काम नीटस दिसते. लेखनिकाची जुनीच दुरुस्ती येथे एका कळीवर होते आणि ती एकदा फाइलमध्ये शिरली की तिच्यापासून निघणाऱ्या प्रत्येक प्रतीत कायम राहते. पूर्वी एका कारागिराची दुरुस्ती त्याच्या साच्यापुरती मर्यादित असे. आता अशा एका फाइलवरून निघालेली शिरस्त्राणेच पुढच्या पिढीच्या डोळ्यांना ‘मूळ’ म्हणून सरावतील, ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

त्यामुळे छापील प्रतिकृती तपासताना परीक्षकाने पृष्ठभागावर थरांच्या रेषा उरल्या आहेत का, हे नंतर पाहावे. आधी नाकाच्या मध्यरेषेपासून दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपर्यंतचे आणि दोन्ही गालांच्या खालच्या टोकांपर्यंतचे अंतर कॅलिपरने स्वतंत्रपणे मोजावे. मापे जुळली, तर शिरस्त्राण कितीही देखणे असले तरी ते १९७६ साली एल्स्ट्रीत मातीत घडलेल्या त्या मुखवट्याची प्रतिकृती नव्हे, असे त्याने नोंदवावे आणि मगच घडणीचे गुण द्यावेत.